नॉर्वे: आई-बाबांसोबत जूनमध्ये ११ दिवस. काय ठेवू, काय गाळू?

गौतमी_ठाणे | १२ जानेवारी

सगळ्यांना नमस्कार.

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन नॉर्वेला जायचं ठरतंय. बाबा ७० वर्षांचे, आई ६५ची. बाबांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. फियॉर्डची (हिमनदीने कोरलेल्या दरीत शिरलेल्या समुद्राची) आकृती त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही, पण समुद्र पाहिला तो फक्त आपल्या किनाऱ्यावरचा. स्वतःसाठी ते कधी काही मागत नाहीत. दिवाळीत भाच्याच्या पुस्तकातला मध्यरात्रीच्या सूर्याचा फोटो बराच वेळ बघत बसले होते, तेव्हाच मी मनाशी ठरवलं.

सध्याचा बेत असा: ऑस्लो २ रात्री, बर्गन १, गाइरांगर १, लोफोटेन २, ट्रॉम्सो २, स्वालबार्ड (पार उत्तरेची बेटं) २. एका प्रवास कंपनीने याच तारखांत नॉर्दर्न लाइट्सही (रात्रीच्या आकाशात हलणारा रंगीत प्रकाश) दाखवतो असं सांगितलंय. आईचा उजवा गुडघा दुखतो, जिने फार चढवत नाहीत. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. पैसे साठवलेत, पण उधळायला नाहीत. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावं.

उत्तरवारा | १२ जानेवारी

ताई, मी १२ वर्षं ऑस्लोत राहतोय. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: जूनमध्ये नॉर्दर्न लाइट्स दिसत नाहीत. त्यांना काळोखी रात्र लागते. ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, तर काळोख येणार कुठून? सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात हा त्यांचा मोसम. तुम्हाला असं सांगणाऱ्या कंपनीला एक पैसाही देऊ नका.

दुसरं, नकाशा उघडून अंतरं बघा. नॉर्वेची मुख्य भूमी उत्तर-दक्षिण साधारण १,७५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली रस्त्याहून जास्त. मधे डोंगर आणि आत घुसलेला समुद्र. ट्रॉम्सोला रेल्वे जात नाही, नॉर्वेची गाडी बोडोला संपते. तुमच्या बेतात ११ दिवसांत ६ मुक्काम आहेत, म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या. गुडघेदुखी असलेल्या माणसाला डोंगर चढण्याइतकाच त्रास बॅगा उचलून गाडी गाठण्याचा होतो.

बाबांना दोनच गोष्टी बघायच्या आहेत ना, फियॉर्ड आणि मध्यरात्रीचा सूर्य? मग तेवढ्याच ठेवा. माझं मत:

ऑस्लो २ रात्री, फ्लॉम (फियॉर्डच्या काठचं गाव) २, बर्गन २, तिथून विमानाने ट्रॉम्सो ३, परतताना ऑस्लो १. गाइरांगर, लोफोटेन, स्वालबार्ड तिन्ही गाळा. लोफोटेन गाळायला सांगताना मला स्वतःलाच वाईट वाटतंय, पण तिथे गाडी चालवायला हवी आणि किमान ४ दिवस हवेत.

दिवाकर_नाशिक | १३ जानेवारी

व्हिसाबद्दल थोडं, कारण इथे लोक अडकतात.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. म्हणून नेहमीचा शेंगेन व्हिसाच लागतो. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला १५ दिवस म्हणतात, पण उन्हाळ्याच्या गर्दीत कार्यालयातली भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. जूनचा प्रवास असेल तर मार्च उजाडायच्या आत अर्ज करा. सोबत दुसरा शेंगेन देश जोडणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

आता स्वालबार्ड. ते नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या बाहेर! ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना नव्याने आत शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. आमच्या गटातल्या एका जोडप्याला हे विमानतळावर कळलं, आणि त्यांची स्वालबार्डची तिकिटं, हॉटेल सगळं बुडालं. पुढेमागे कधी जाणार असाल तर अनेकदा प्रवेशाचा व्हिसाच मागा.

बाबा भूगोलाचे शिक्षक आहेत म्हणून सांगतो, भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र स्वालबार्डमध्येच न्यू-ऑलेसुंडला आहे, २००८ पासून.

गौतमी_ठाणे | १३ जानेवारी

उत्तरवारा, दिवाकर, मनापासून आभार. स्वालबार्डचं मला अजिबात माहीत नव्हतं. बाबांना 'हिमाद्री'बद्दल सांगितलं, तर त्यांना केंद्राचं अक्षवृत्तसुद्धा पाठ होतं.

उत्तरवारांचा बेत आईला फार आवडला. पण मला एकच रुखरुख आहे. इतक्या लांब जायचं, इतका खर्च करायचा, तर नॉर्दर्न लाइट्स सोडायचे का? सरळ फेब्रुवारीतच जावं का?

हिमरेषा | १४ जानेवारी

मी हिवाळ्याच्या बाजूची. आम्ही फेब्रुवारीत ट्रॉम्सोला ५ रात्री होतो, त्यातल्या दोनदा आकाश उजळलं. पहिल्यांदा डोंगरामागून फिकट पांढुरका ढगच वर येतोय असं वाटलं. मग तो हलायला लागला, हिरवा झाला आणि डोक्यावरून पलीकडे गेला. माझ्या १४ वर्षांच्या मुलाने न सांगता माझा हात धरला. ते मी कधीच विसरणार नाही, म्हणून कुणाला हिवाळ्यात जाऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण ७० आणि ६५ वयाच्या माणसांना घेऊन जात असाल तर पुढचं नीट वाचा. थंडीची भीती नाही. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रॉम्सो शहरात पारा बहुधा उणे ५-६च्या आसपास असतो, कपडे अंगावर असले की ते सोसतं. भीती आहे ती बर्फाची. बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि फूटपाथवर काचेसारखा थर बसतो. तिथली माणसं बुटांखाली 'ब्रॉडर' नावाचे रबरी पट्टे चढवतात. त्यांना खाली धातूचे दात असतात आणि ते किराणा दुकानातही मिळतात. मी म्हटलं, हॉटेलपासून बस-स्टॉप तर समोर दिसतोय, एवढ्यासाठी कशाला चढवायचे? सहाव्या पावलाला पडले. डावं मनगट मोडलं.

तातडीच्या दवाखान्याला तिथे 'लेगेव्हाक्ट' म्हणतात, फोन ११६११७. जीवावरचं असेल तर ११३. डॉक्टर उत्तम होते, प्लास्टर नीट घातलं. पैसे मात्र तिथल्या तिथे भरावे लागले, आणि विमा कंपनीकडून ते परत मिळायला मला ७ महिने भांडावं लागलं. प्रत्येक कागद, प्रत्येक पावती जपून ठेवा, आणि पडल्या दिवशीच विमावाल्यांना मेल टाका. मी तो तिसऱ्या दिवशी टाकला, त्यावरूनच त्यांनी घोळ घातला.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी अंगाला लागून लोकरीचे कपडे घालावेत. सुती बनियन घामाने ओली होते आणि मग गारठा आत शिरतो. कोटाला 'रेफ्लेक्स' लटकवा. ती चकाकणारी छोटी चकती असते, तिथे लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे लावतात, कारण दुपारी तीन-चारलाच अंधारतं आणि गाडीवाल्याला तुम्ही त्या चकतीमुळेच दिसता.

गौतमी, आईच्या गुडघ्याचा विचार करता मी तुला जूनच सांगेन.

निवृत्त_नागपूरकर | १४ जानेवारी

हिमरेषाताईंशी पूर्ण सहमत. मी ६८व्या वर्षी सपत्नीक गेलो होतो. भर घालतो: ६७ आणि त्यापुढच्या वयाला रेल्वेत आणि शहरी बसमध्ये ज्येष्ठांची सवलत मिळते, परदेशी असलात तरी. शब्द 'होन्नर'. पासपोर्ट जवळ असू द्या. तुमच्या बाबांना मिळेल, आईला नाही.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत ठेवा. साधं पॅरासिटामॉल किराणा दुकानातही मिळतं, पण अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुणी देणार नाही.

बर्गनची_छत्री | १५ जानेवारी

बर्गनमध्ये ८ वर्षं. इथे वर्षातले २००हून जास्त दिवस पाऊस पडतो. बाबांना कारण सांगायची गरज नाही: अटलांटिकवरून येणारं बाष्प इथल्या डोंगरांवर अडतं, आपल्या सह्याद्रीसारखंच. फरक इतकाच की आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे बारा महिने वाटून पडतो. छत्री आणू नका, वारा ती पहिल्याच दिवशी उलटी करेल. टोपीचं चांगलं रेनजॅकेट आणि पाणी न झिरपणारे बूट, या दोन गोष्टींवर पैसे खर्च करा. बाकी कपडे घरातलेच चालतील.

जूनमध्ये बर्गनला १२ ते १६ अंश धरा. फ्लॉमला ऊन असलं तर स्वेटर काढाल, पण बोटीच्या डेकवर वारा झोंबतो. ट्रॉम्सोला १० अंशांच्या आसपास.

आईंसाठी: फ्लॉयेनचा डोंगर चढायचा नाही, वर फ्युनिक्युलर (दोरीने ओढली जाणारी रेल्वे) जाते. ब्रिगेनची लाकडी घरं १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मागच्या बोळांत फळ्यांची जमीन उंचसखल आहे, पावसात निसरडी होते, तेवढं सांभाळा. मासळीबाजार पर्यटकांसाठीच महाग झालाय, नुसता बघून पुढे निघा.

ताम्हिणी | १५ जानेवारी

खाण्याबद्दल मी लिहिते. आम्ही २०२३च्या जुलैत गेलो होतो, सासूबाई सोबत होत्या. त्याही कडक शाकाहारी.

साध्या रेस्टॉरंटात एक मुख्य पदार्थ २५० ते ३०० क्रोनर. क्रोनर तेव्हा साधारण ८ रुपयांचा, म्हणजे गुणाकार तुम्हीच करा. आम्ही दिवसाआड एक जेवण बाहेर घेतलं आणि बाकी खोलीत. त्यामुळे जिथे शक्य असेल तिथे छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. रेमा १०००, किवी, कूप ही दुकानं सगळीकडे आहेत. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी भरून ठेवा. आम्हाला हे माहीत नव्हतं. पहिलाच दिवस रविवार होता, आणि सासूबाईंनी दिवसभर खाकऱ्यावर काढला.

घरून काय न्यायचं? दूध आणि मांसाचं काहीही युरोपबाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा घातलेली कुठलीही मिठाई नाही. बटाटेसुद्धा नाहीत! थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, पोहे, चटण्या नेल्या, काही अडचण आली नाही. ऑस्लोत ग्रनलँड भागात दक्षिण आशियाई दुकानं आहेत, तिथे कोथिंबीर, मिरच्या, कणीक सगळं मिळतं.

दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, तिथे बहुतेक घरांत इंडक्शन शेगडी असते. माझा ॲल्युमिनियमचा लाडका छोटा कुकर त्यावर तापलाच नाही. इंडक्शनला चालणारं एक स्टीलचं पातेलं नेलं असतं तर बरं झालं असतं.

दोन, फोडणी. मी नेहमीसारखं तेल कडकडीत तापवलं, मोहरी टाकली, हिंग टाकला, आणि छतावरची धुराची घंटा वाजायला लागली. ती नुसती आमच्या खोलीत वाजत नव्हती, पूर्ण इमारतीत वाजत होती. रात्री साडेआठला लोक चपला घालून, लहान मुलं कडेवर घेऊन पावसात बाहेर उभे. एक आजी वॉकर घेऊन हळूहळू जिना उतरत होत्या. मला इतकं अपराधी वाटलं की काय सांगू. कुणी एक शब्द बोललं नाही, पण घंटा बंद व्हायला २० मिनिटं लागली. काही ठिकाणी अग्निशामक दल येतं आणि त्याचं बिल पाहुण्याला लागतं. तेव्हा तिथे फोडणी नको. घरूनच फोडणी दिलेली कोरडी चटणी किंवा मसाला न्या आणि वरून घाला.

पाणी नळाचं प्या, बाटल्या विकत घेऊ नका. घेतलीच तर रिकामी बाटली फेकू नका, तिच्यावर २ किंवा ३ क्रोनर अनामत असते. दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

आणि हो, वेलदोडा! तिथले गोल गोड पाव वेलदोड्याच्या वासाचे असतात. बेकरीत शिरलं की आपल्याकडच्या शिऱ्याची आठवण येते. त्यात अंडं असू शकतं, विचारून घ्या. तपकिरी चीज, ज्याला ब्रुनोस्ट म्हणतात, ते दूध फाडून चीज केल्यावर उरलेलं पाणी आटवून करतात. चव थेट खरपूस आटवलेल्या दुधासारखी. सासूबाईंना ते इतकं आवडलं की अर्धा किलो घरी आणलं.

उत्तरवारा | १६ जानेवारी

ताम्हिणीताईंचा प्रतिसाद छापून बॅगेत ठेवावा असा आहे. शाकाहाराबद्दल एक भर: पाकिटावर 'लोपे' शब्द दिसला तर ते चीज घट्ट करणारं रेनेट. ते प्राण्याचं असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. अंड्याला 'एग'च म्हणतात, लिहिलेलं सहज ओळखू येतं.

आता गाड्यांचं. ऑस्लो विमानतळावरून शहरात यायला खास एक्स्प्रेस आहे, २० मिनिटांत येते. साधी लोकल २३-२५ मिनिटं घेते आणि भाडं जवळपास निम्मं. बहुतेक पाहुणे झगमगाट बघून एक्स्प्रेसमध्ये बसतात. स्वस्त विमानाच्या मोहात 'ऑस्लो टॉर्प' असं लिहिलेलं तिकीट घेऊ नका, ते विमानतळ ऑस्लोपासून १००हून जास्त किलोमीटर लांब आहे.

ऑस्लो ते बर्गन ही रेल्वे १९०९ची. निघालात की डावीकडच्या खिडक्या घ्या. फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे, जूनमध्येही तिथे बर्फ असतो. म्युरडालला उतरायचं आणि समोरच फ्लॉमची छोटी गाडी उभी असते. २० किलोमीटरांत ती जवळजवळ ८६५ मीटर खाली उतरते, साधारण तासाभरात, थेट फियॉर्डच्या पाण्यापर्यंत. तिची तिकिटं जून-जुलैत संपतात, म्हणून आधी ती काढा आणि मग बाकी सगळं.

'नॉर्वे इन अ नटशेल' नावाने जो दौरा विकतात, तो म्हणजे हीच रेल्वे, बोट आणि बसची सार्वजनिक तिकिटं एकत्र बांधलेली. वेगवेगळी काढली तर स्वस्त पडतात आणि मधे हवं तिथे राहता येतं. आई-बाबांना एका दिवसात ते सगळं करायला लावू नका. फ्लॉमला दोन रात्री याच्यासाठीच सांगितल्या.

एक सावधगिरी. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस देतात, 'बुस फॉर टोग' असं लिहिलेलं असतं. आदल्या रात्री ॲपवर बघायची सवय ठेवा.

आणि कुणी नॉर्वेजियन माणूस 'फक्त दोन मील' म्हणाला तर चालायला निघू नका. त्यांचा एक मील म्हणजे १० किलोमीटर.

ओढा | १७ जानेवारी

गाडी भाड्याने घ्यायची का हा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी सांगतो. या बेतात गरज नाही. जे घेतील त्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, दिवसाही दिवे चालू ठेवावेत, आणि दारूचा एक घोटही घेऊन चालवू नये. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.२ प्रति हजार आहे, आपल्याकडच्यापेक्षाही कमी. वेगाचे दंड प्रचंड असतात.

सह्याद्रीवेडा | १९ जानेवारी

मी स्टॅव्हँगरच्या प्रेकेस्टोलेनला गेलो होतो. समुद्रावर ६०४ मीटर उंच सपाट खडक. आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं नाही, पण धागा वाचणाऱ्या तरुणांसाठी लिहितो. आमच्यातला एक जण अर्ध्या वाटेत धापा टाकायला लागला, वर ढग उतरले होते, आणि आम्ही 'आता आलोच आहोत तर' म्हणून त्याला ओढत होतो. वरून उतरणाऱ्या साठीच्या एका स्थानिक बाईंनी आम्हाला थांबवलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की परत फिरण्यात काही लाज नाही. नंतर कळलं की त्यांच्याकडे डोंगरात वागण्याचे ९ नियम आहेत, शाळेतल्या मुलांनाही येतात, आणि त्यातलाच हा एक. आम्ही उतरलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, स्वच्छ ऊन होतं.

गौतमी_ठाणे | २४ फेब्रुवारी

ताजी बातमी: उत्तरवारांचा बेत जसाच्या तसा घेतला. ८ ते १८ जून. फ्लॉमची तिकिटं सगळ्यांत आधी काढली. व्हिसाचे अर्ज दिले. आई भाजणी दळून आणायला निघालीसुद्धा!

गौतमी_ठाणे | ६ जुलै

आलो. तिघंही सुखरूप. उशिरा लिहितेय, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत की नुसतं 'छान झालं' म्हणून सोडवत नाही.

आधी कामाचं. रोख पैसे मी २,००० क्रोनर नेले होते, तेवढेच परत आणले. स्वच्छतागृहापासून बोटीपर्यंत सगळीकडे कार्ड. दोन वेगळ्या बँकांची कार्डं होती ते बरं झालं, कारण एक कार्ड बर्गनमध्ये चालेना. व्हॉसहून बर्गनपर्यंत खरंच रेल्वेऐवजी बस होती. आदल्या रात्री ॲपवर दिसली म्हणून गोंधळ झाला नाही, पण स्टेशनबाहेर सामान घेऊन अर्धा तास उभं राहावं लागलं. ज्येष्ठांनी घडीची छोटी काठी-खुर्ची नेली तर उपयोग होईल. ट्रॉम्सोत रात्री खोलीत ऊन येतं. पडदे जाड होते, तरी फटीतून उजेड येई. आईने पहिल्या रात्री ओढणी डोळ्यांवर बांधली, दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांची पट्टी विकत घेतली. घरूनच न्या.

हॉटेलच्या नाश्त्यावर आईचा दिवस निघायचा: पाव, चीज, दही, फळं, बदाम. तिथून डबा बांधून नेऊ नका. आम्ही विचारलं, तर त्यांनी थोडे पैसे घेऊन कागदी पिशवी दिली आणि हवं ते भरून घ्या म्हणाले. त्याला 'मातपाक्के' म्हणतात, तिथे सगळेच नेतात.

आता बाबा.

फ्लॉमहून गुडवांगेनला जाणारी बोट बॅटरीवर चालते, इंजिनाचा आवाज नाही. नॅरॉयफियॉर्ड काही ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी कडे सरळ वर गेलेले. धबधब्यांचा आवाज आधी येतो आणि धबधबा नंतर दिसतो. बाबा दोन तास डेकवर उभे होते, कठड्याला धरून. मी आत या म्हटलं तर म्हणाले, "बघ, यू आकार. नदीने कापली असती तर व्ही झाली असती. मी त्यांना नेहमी सांगायचो की दरीचा तळ बघा. इथे तळ पाण्याखाली आहे, दिसत नाही, पण कड्यांवरून कळतं." मग त्यांनी ओल्या कठड्यावर बोटाने आकृती काढली: हिमनदी, तिने खरवडलेला तळ आणि तोंडाशी उथळ उंबरठा. शेजारी उभा असलेला एक कोरियन मुलगा वाकून बघायला लागला. बाबांनी त्याला इंग्रजीत सगळं पुन्हा समजावलं. ३१ वर्षं त्यांनी हे मराठीतून शिकवलं होतं. मला वाटलं होतं शब्द अडतील, पण एकही अडला नाही.

ट्रॉम्सोत पहिल्या दोन्ही रात्री ढग. मी फार अस्वस्थ झाले. तिसऱ्या रात्री अकराला आकाश उघडलं आणि आम्ही केबल कारने स्टोरस्टाइनेनवर गेलो, ४२१ मीटर. (पायी चढायला शेर्पा लोकांनी बांधलेल्या १,२००च्या आसपास दगडी पायऱ्या आहेत, नेपाळहून येऊन. आईने वरूनच त्यांना नमस्कार केला.) बारा वाजले तसे लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि बरेच जण खाली निघाले. मीही निघू या म्हटलं, आई गारठली होती.

बाबा म्हणाले, "अजून बारा वाजले नाहीत."

त्यांनी हॉटेलातच हिशोब करून ठेवला होता. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ ३० अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतं. ट्रॉम्सो १९ अंशांवर. फरक ११ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ४४ मिनिटं. सूर्य सर्वांत खाली येणार तो रात्री १२ वाजून ४४ मिनिटांनी, बरोबर उत्तरेला. "आपल्याकडे नाही का, मुंबईत खरी दुपार साडेबारानंतर होते, तसंच."

आम्ही थांबलो. आईला माझं जॅकेट दिलं आणि थर्मासमधलं गरम पाणी तिघांनी प्यायलं. सूर्य उत्तरेकडे डावीकडून उजवीकडे सरकत होता, तिरपा, खाली उतरत. मग उतरायचा थांबला. बाबांनी हात लांब करून दोन बोटं आडवी धरली: खाली क्षितिज, वर सूर्य, मधे बरोबर दोन बोटं. तीन अंश, म्हणाले. मी घड्याळ बघितलं, १२:४३ झाले होते. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, पुढची पाच-सात मिनिटं, आणि बोटांच्या वर हळूहळू फट पडताना आईला दाखवली.

उत्तरवारा | ६ जुलै

१२ वर्षं इथे आहे. दर जूनमध्ये बाराला फोटो काढून खाली उतरतो. पुढच्या आठवड्यात विमान पकडून ट्रॉम्सोला जातोय. बाबांना विचारून सांगा, जुलैच्या मध्यावर सूर्य दोन बोटांवर असेल की एकाच?

गौतमी_ठाणे | ७ जुलै

विचारलं. वही काढून बसलेत. म्हणाले, सूर्य दक्षिणेकडे सरकू लागलाय, त्यामुळे जेमतेम अर्धं-पाऊण बोट राहील, तेव्हा उत्तरेकडे डोंगर आडवा नसलेली जागा निवडा. आणि ४४ मिनिटांत आणखी ५-६ मिनिटं मिळवा, या दिवसांत खरा सूर्य घड्याळाच्या मागे असतो.